परतलेल्या सैनिकाचे घर

सैन्यात भरती होऊन निघालेल्या मुलास निरोप देण्यासाठी सारी आळी स्टेशनवर लोटते. आई औक्षण करते, मित्र डब्याच्या खिडकीशी गर्दी करतात आणि गाडी हलली म्हणजे वडील टोपी सावरण्याच्या निमित्ताने डोळे पुसतात. सातारा-सांगलीकडील, खानदेशातील वा बेळगावकडील मराठी घरांना हा प्रसंग नवा नाही. पंधरा-सतरा वर्षांनी तोच मुलगा आपली काळी पत्र्याची ट्रंक घेऊन त्याच स्टेशनवर उतरतो, तेव्हा मात्र फलाटावर फारसे कोणी नसते. जाण्याचा सोहळा होतो, परत येणे ही त्या घराची खाजगी बाब मानली जाते. ही खाजगी बाब बिघडली तर काय होते आणि ती सावरण्याचा मार्ग कोणता, याचा विचार आम्हांस या लेखात करावयाचा आहे.

२०२२ पूर्वी भरती झालेल्या शिपायाची नोकरी साधारणतः पंधरा ते अठरा वर्षांची. अठराव्या-विसाव्या वर्षी भरती झालेला जवान पस्तिशी-चाळिशीतच निवृत्त होतो. इतर खात्यांतील माणूस ज्या वयात बढतीची वाट पाहत असतो, त्या वयात याला संसाराचा दुसरा डाव नव्याने मांडावा लागतो. मुले शाळेत असतात, आईवडील थकलेले असतात आणि शेतीच्या वाटण्या याच्या गैरहजेरीत होऊन गेलेल्या असतात. पंधरा वर्षांच्या आत ज्याची नोकरी संपली, त्याला सामान्यतः सेवेचे निवृत्तिवेतनही मिळत नाही. बहुसंख्य माजी सैनिक हा दुसरा डाव उत्तम रीतीने खेळतात, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. परंतु काहींचा पाय घसरतो. कोणाला जुनी जखम काम करू देत नाही, कोणाला रात्री झोप लागत नाही, कोणी दारूच्या आहारी जातो, कोणाचे घरच्यांशी पटत नाही. घर असते, पण त्या घरात त्याला जागा उरलेली नसते. अशा रीतीने तो बेघर होतो.

सुरतेतील चित्र

आपल्या सुरतेत असा माणूस शोधायला फार लांब जावे लागत नाही. रिंग रोडवरील कापडबाजारांच्या दारांत, हिऱ्यांच्या कारखान्यांच्या फाटकांशी, नव्या इमारतींच्या तळमजल्यावर जे गणवेशातील पहारेकरी रात्रभर जागतात, त्यांत माजी सैनिकही असतात. ताप्तीकाठच्या रेल्वेने नंदुरबार, अमळनेर, भुसावळकडून सुरतेस आलेल्या खानदेशी कुटुंबांनी उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली ही उपनगरे कशी भरली, हे आपल्या वाचकांस नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. या वस्त्यांतून एकेका खोलीत अनेक जण राहतात. यंत्रमागाच्या बारा-बारा तासांच्या पाळ्या असल्यामुळे दिवसपाळीचा माणूस उठून गेला की त्याच अंथरुणावर रातपाळीचा माणूस अंग टाकतो. अशा ठिकाणी खोलीचा आधार म्हणजे नोकरीचाच आधार. आजारपणाने वा व्यसनाने नोकरी गेली की खोलीतील जागाही जाते. मग रेल्वे स्टेशनाचा परिसर, उड्डाणपुलाखालची जागा, किंवा फार झाले तर महानगरपालिकेचे निवारागृह.

शहरी बेघरांच्या निवाऱ्यासाठी केंद्र सरकारने जी योजना आखली, तिच्या नियमांत दर एक लाख लोकवस्तीमागे किमान शंभर माणसांची सोय आणि माणशी सुमारे पन्नास चौरस फूट जागा असावी, असे ठरविण्यात आले होते. २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाख ७० हजारांहून अधिक माणसे बेघर म्हणून नोंदली गेली. निवारागृहे हवीत, अधिकही हवीत. थंडीपावसापासून रक्षण ही पहिली गरज आहेच. परंतु निवारागृहात शेजारच्या गादीवर रोज नवा माणूस असतो. कोणी कोणाचे नाव विचारीत नाही. जो माणूस माणसांतून उठला म्हणूनच घरातून उठला, त्याला अशा ठिकाणी रात्र काढता येते, पण त्याचा आजार आहे तेथेच राहतो.

आधी घर की आधी उपचार?

हा प्रश्न इतर देशांनाही पडला आणि त्यांनी त्यासाठी बरीच किंमत मोजली. अमेरिकेत व्हिएतनामच्या युद्धातून परतलेले काही तरुण सैनिक १९७० च्या अखेरीस न्यूयॉर्क शहरात एकत्र बसू लागले. सरकारी रुग्णालयांवर त्यांचा विश्वास नव्हता. रॉबर्ट लिफ्टन व चेम शतान या दोन मानसोपचारतज्ज्ञांना त्यांनी बोलावले, पण अट अशी की डॉक्टरांनी उंच आसनावर न बसता सर्वांबरोबर वर्तुळात बसावे. या बैठकांना ते ‘रॅप ग्रुप’, म्हणजे मोकळ्या गप्पांचे गट म्हणत. युद्धात पाहिलेले आणि केलेले, जे बायकोला वा आईला सांगता येत नव्हते, ते तेथे प्रथम बोलले गेले. पुढे १९७९ साली अमेरिकन सरकारने माजी सैनिकांसाठी गावोगावी अशी केंद्रे काढण्याचा कायदा केला. १९८० साली या व्याधीला वैद्यकीय ग्रंथांत अधिकृत नाव मिळाले. मराठीत आपण तिला आघातोत्तर तणावविकार म्हणू.

तथापि गप्पांचा गट संपला की माणसाला परतण्यासाठी घर लागते, आणि हजारो माजी सैनिकांना ते नव्हते. त्या काळी संस्थांचा नियम असा की आधी दारू सोडा, औषधे नियमित घ्या, चांगले वागून दाखवा, मग घराचा विचार करू. वरवर पाहता हा नियम शहाणपणाचा वाटतो. वस्तुतः रस्त्यावर झोपणाऱ्या माणसाने औषध ठेवायचे कोठे आणि रात्री जागे राहण्यासाठी घेतलेला घोट सोडायचा कसा, याचे उत्तर त्यात नव्हते. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्येच सॅम त्सेम्बेरिस यांनी हा क्रम उलटा केला. आधी घराची किल्ली हातात द्यायची, अट घालायची नाही, मग मदतनीसांनी घरी जाऊन उपचारांकडे वळवायचे. याच वर्षी अमेरिकन सरकारनेही बेघर माजी सैनिकांसाठी घरभाड्याची मदत आणि पाठराखण करणारा कार्यकर्ता अशी जोड योजना सुरू केली. २०१० च्या सुमारास एका रात्रीच्या शिरगणतीत तेथे सुमारे ७४ हजार माजी सैनिक बेघर आढळले होते, २०२४ च्या गणतीत ही संख्या ३३ हजारांच्या आत आली.

मग केवळ घर दिले की झाले का? या शंकेचे उत्तर कॅनडाने शोधले. तेथे २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांतील सुमारे दोन हजार बेघर मनोरुग्णांवर मोठा प्रयोग झाला. काहींना आधी घर व मग पाठपुरावा, तर काहींना नेहमीच्याच सेवा, अशी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी केली. ज्यांना घर मिळाले ते फार मोठ्या प्रमाणात त्या घरात टिकून राहिले. परंतु मनाची व्याधी व व्यसन यांच्या बाबतीत दोन्ही बाजूंच्या माणसांची सुधारणा जवळजवळ सारखीच निघाली. याचा अर्थ सरळ आहे. छप्पर दिल्याने माणूस छपराखाली राहतो, ही मोठीच मिळकत. पण आतील दुखणे बरे होण्यासाठी छपराखेरीज आणखी काही लागते. ते काही म्हणजे समदुःखी माणसांची नियमित, शिस्तीची सोबत, असे आमचे मत आहे.

दहा जणांची तुकडी

समूहाने उपचार करण्याची कल्पना सैनिकांच्या रुग्णालयात वाढीस लागली, ही गोष्ट फारशी ठाऊक नसते. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधील बर्मिंगहॅमजवळ नॉर्थफिल्ड येथे मनाने खचलेल्या सैनिकांसाठी रुग्णालय होते. १९४२-४३ च्या हिवाळ्यात विल्फ्रेड बायन व जॉन रिकमन या डॉक्टरांनी तेथे सुमारे सहा आठवडे एक प्रयोग केला. विभागातील प्रत्येकाने सुतारकाम, नकाशावाचन असा कोणता तरी एक गट निवडावा आणि रोज दुपारी सर्वांनी एकत्र जमून विभागात काय चालले आहे याचा स्वतःच विचार करावा. घाण झाली, काम टाळले गेले, तर डॉक्टरांनी रागावण्याऐवजी सर्वांनी मिळून त्याचे कारण शोधावे. वरिष्ठांना हा गोंधळ वाटला व प्रयोग बंद पडला. परंतु सिग्मंड फोक्स यांनी त्याच ठिकाणी गटोपचाराचे काम पुढे नेले आणि टॉम मेन यांनी १९४६ मध्ये अशा रुग्णालयाला ‘उपचार करणारा समाज’ या अर्थाचे नाव दिले. तेथे उपचार करणारे डॉक्टर एकटे नसत. रुग्णही एकमेकांचे उपचारक होत.

सैनिकाला ही पद्धत का मानवते, हे समजणे कठीण नाही. आपल्या पायदळात सर्वांत लहान तुकडी दहा जणांची असते. शिपाई या दहा जणांत जेवतो, झोपतो, पहारा देतो, त्यांच्यावर विसंबून गोळीसमोर जातो. निवृत्तीच्या दिवशी त्याची बंदूक जमा होते, त्याचबरोबर हे नऊ जणही सुटतात. बंदुकीची त्याला आठवण येत नाही, या नऊ जणांची येते. गटात बसणे म्हणजे ही तुकडी पुन्हा उभी करणे होय.

गटाची रीत अगदी साधी असते. आठ-दहा माणसे ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, वर्तुळाकार बसतात. एक प्रशिक्षित समुपदेशक सोबत असतो. तेथे बोललेले बाहेर न्यायचे नाही. एकजण बोलत असता दुसऱ्याने तोडायचे नाही. न बोलण्याचीही मुभा असते, मात्र गैरहजर राहायचे नाही. पहिल्या आठवड्यात बहुतेक जण गप्पच असतात. मग कोणी तरी सांगतो की फटाका वाजला की मी पलंगाखाली शिरतो, आणि समोरचा चकित होऊन म्हणतो, ‘मलाही तसेच होते.’ आपण वेडे झालो नाही, हे असे इतरांच्या आहे, ही जाणीव औषधाइतकी गुणकारी ठरते. पुढे जुना माणूस नव्याला धीर देऊ लागतो आणि ज्याने वर्षानुवर्षे फक्त मदत घेतली तो प्रथमच कोणाच्या तरी उपयोगी पडतो.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ज्याला भास होतात, जो स्वतःच्या जिवावर उठला आहे, त्याला आधी डॉक्टरच हवा. दारू एकाएकी बंद केल्यावर काहींना झटके येतात, भ्रम होतो. ते दिवस वैद्यकीय देखरेखीखालीच गेले पाहिजेत. घडलेला भयंकर प्रसंग खोदून खोदून वदवून घेण्याने काही वेळा जखम चिघळते, म्हणून जाणता समुपदेशक घाई करीत नाही. भूतकाळाइतकेच आजचे बोलणे, म्हणजे झोप, राग, पैसा, मुलीचे पत्र, हेही गटाचेच विषय असतात.

खडकी आणि येरवडा

परदेशचे दाखले पुष्कळ झाले. आपल्या मुलखात पुणे शहराच्या उत्तरेस एकमेकांपासून फार दूर नसलेल्या दोन ठिकाणी याच विचाराची रूपे पाहावयास मिळतात.

पहिले ठिकाण खडकी. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या हिंदी सैनिकांना हुन्नर शिकविण्यासाठी १९१७ साली मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था निघाली, ती पुढे खडकीस आली. ‘याला आता काय करता येईल’ हा प्रश्न तिने विचारला. परंतु ज्या जवानाच्या पाठीच्या कण्यालाच गोळी लागली, ज्याचे कमरेखालचे वा मानेखालचे अंग कायमचे लुळे पडले, त्याने जायचे कोठे? त्याच्यासाठी १९७४ मध्ये खडकी येथे पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर स्थापन झाले. येथे माणूस उपचारांपुरता येत नाही, राहण्यास येतो. कित्येकांनी आयुष्याची अनेक वर्षे येथे काढली.

अशा जवानाचा दिवस कसा असतो, याची कल्पना धडधाकट माणसाला येत नाही. अंगाला स्पर्श कळत नसल्यामुळे एकाच कुशीवर राहिल्यास शय्याव्रण होतात. म्हणून रात्री ठराविक तासांनी कूस पालटावी लागते आणि खुर्चीत बसले असता दर थोड्या वेळाने हातांवर अंग उचलावे लागते. मूत्रमार्गाचा संसर्ग हा नित्याचा शत्रू. यातील शास्त्र डॉक्टर सांगतात, पण त्यातील युक्त्या जुना सोबतीच नव्याला शिकवतो, कारण त्याने त्या स्वतःच्या देहावर शिकलेल्या असतात. चाकाच्या खुर्च्यांवरून बास्केटबॉल खेळणारे आणि हात चालत नाहीत म्हणून दातांत कुंचला धरून चित्रे रंगविणारे जवान येथे घडले. पद्मश्रीने २०१८ मध्ये गौरविलेले सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे याच पिढीचे सैनिक. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या. रुग्णालयात असता ते पोहण्याकडे वळले आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे झालेल्या अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळविले. खेळ, काम, निवास व सोबत एकाच छपराखाली आल्यावर माणूस किती उभा राहतो, याचा खडकी हा पुरावा आहे.

दुसरे ठिकाण येरवडा. डॉ. अनिता अवचट व डॉ. अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांच्या देणगीचे त्यास बळ लाभले. हे केंद्र सैनिकांसाठी म्हणून निघालेले नाही, तरी आपल्या विषयाला ते फार जवळचे आहे. येथे दाखल झालेल्यास रुग्ण न म्हणता ‘रुग्णमित्र’ म्हणतात. झाडलोटीपासूनची कामे तेच करतात. गटसभा हा दिनक्रमाचा कणा असतो आणि समुपदेशकांत स्वतः व्यसनातून बाहेर पडलेल्यांचा भरणा असतो. ‘मी कधीतरीच घेतो’ ही थाप डॉक्टरांपुढे पचते, पण जिने आपल्या आयुष्याची वीस वर्षे खाल्ली तीच थाप समोर बसलेला ऐकत असला तर पचत नाही. अनिताताईंनी आणखी एक गोष्ट ओळखली. नवरा दारू सोडतो तेव्हा बायकोच्या मनात साचलेले सारे वर येते. त्यासाठी पत्नींचा निराळा गट बांधला गेला, त्याचे नाव ‘सहचरी’. माजी सैनिकाच्या घरीही ही पाळी येते. पंधरा वर्षे घर एकटीने चालविलेल्या बाईच्या हातातून तो येताच कारभार काढून घेऊ पाहतो, तिलाही आपले म्हणणे मांडावयास जागा हवी असते.

चार-पाच जणांचे कुटुंब

मुक्तांगणसारख्या ठिकाणाहून बरा झालेला माणूस बहुधा घरी परततो. रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्णांना बरे करून त्यांच्या गावी पोहोचविण्याचे काम डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा फाउंडेशनने १९८८ पासून केले, त्याबद्दल त्यांस २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परंतु ज्याला परतण्यास घरच नाही, किंवा ज्याचे घर त्याला घेत नाही, त्याचे काय?

याचे उत्तर चेन्नईच्या ‘द बॅनियन’ या संस्थेने दिले. वंदना गोपीकुमार व वैष्णवी जयकुमार या दोन तरुणींनी १९९३ साली बेघर मनोरुग्ण स्त्रियांसाठी ती काढली. अनेक जणी बऱ्या होऊनही संस्थेतच अडकून पडतात असे दिसल्यावर २०१५ मध्ये संस्थेने ‘होम अगेन’ हा उपक्रम सुरू केला. चार-पाच जणांनी मिळून सामान्य वस्तीत भाड्याचे साधे घर घ्यायचे. तेथे पाटी नाही, फाटकावर पहारेकरी नाही. बाजारहाट, स्वयंपाक, भांडणे, सणवार सारे त्यांचे त्यांनी करायचे. बहुधा त्याच परिसरातील एक प्रशिक्षित मदतनीस त्यांच्या पाठीशी असतो, तो औषधांकडे लक्ष देतो, दवाखान्यात नेतो, बँकेचे खाते उघडून देतो. सुरुवातीस अनोळखी असलेली ही माणसे काही महिन्यांत एकमेकांच्या आवडीनिवडी सांभाळू लागतात. महाराष्ट्रात रत्नागिरीकडेही हा उपक्रम पोहोचला आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली जगापुढे ठेवलेल्या चांगल्या सेवांत त्याची गणना केली. घर, उपचार आणि गट या तीन गोष्टी निरनिराळ्या न राहता येथे एकाच उंबरठ्याच्या आत आल्या आहेत, आणि त्यासाठी मोठी इमारत लागलेली नाही.

आपल्या दाराशी

येथे प्रश्न आपल्यापाशी येतो. चेन्नईच्या घरांचा आधार कशावर आहे? देणगी व डॉक्टर यांच्याइतकाच तो एका घरमालकाच्या होकारावर आणि चार शेजाऱ्यांच्या वागणुकीवर आहे. सुरतेत असे घर काढायचे म्हटले तर ते उधन्यात, लिंबायतीत वा डिंडोलीत, आपल्याच सोसायटीत निघेल. तेव्हा आपण काय म्हणू?

बहुधा पुढील शंका निघतील. भाडे बुडेल काय? करार एकट्या माणसाशी न होता नोंदलेल्या संस्थेशी होतो, भाड्याची हमी तीच देते. बायकामुलांना भय आहे काय? मनाच्या आजारातून उठलेला, औषध नियमित घेणारा आणि ज्याच्यावर मदतनिसाचे रोज लक्ष आहे असा मनुष्य, एकट्याने खोलीत दारू पीत बसलेल्या अनोळखी भाडेकरूहून नक्कीच कमी धोक्याचा. लोक काय म्हणतील? या शंकेला उत्तर नाही, तिला फक्त धैर्य लागते.

गुजरातेत दारूबंदी आहे. १९४९ चा मुंबई राज्याचा कायदा येथे राज्याच्या जन्मापासून चालू राहिला. त्याचे लाभ आहेत, परंतु एक परिणाम असा की पिणारा लपून पितो आणि घरचेही ते लपवितात. गुन्ह्याच्या भीतीने आजार दडवला जातो व मदत मागण्यास उशीर होतो. म्हणून ‘येथे बोललेले बाहेर जाणार नाही’ असे वचन देणारा गट इतर ठिकाणांहून येथे अधिक गरजेचा आहे.

कायदाही आता आपल्या बाजूस आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे २०१८ पासून लागू झाला. समाजात राहण्याचा मनोरुग्णाचा हक्क त्याने मान्य केला आणि आधारासह निवासाची सोय करणे हे सरकारचे कर्तव्य ठरविले. रस्त्यावर असा कोणी भटकताना आढळल्यास त्यास संरक्षण देऊन आरोग्यसंस्थेत पोहोचविण्याची जबाबदारी पोलिसांवर आहे. हे ठाऊक असल्यास आपणही पोलिसांस ते नम्रपणे सांगू शकतो. १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा मिळते, तेथे मराठी व गुजरातीतही बोलता येते. सैन्यदलांसाठी तिचा एक खास कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात उघडला गेला. सुरतेत जिल्हा सैनिक कल्याण व पुनर्वसन कार्यालय आहे. निवृत्तिवेतन न मिळणाऱ्या वृद्ध माजी सैनिकांस व सैनिकांच्या विधवांस अशा कार्यालयामार्फत साहाय्याचे अर्ज करता येतात. पुष्कळदा अडते ते इतकेच की जुनी डिस्चार्ज-बुकाची प्रत हरवलेली असते आणि अर्ज लिहून द्यायला कोणी नसते.

हे काम आपल्या मंडळांना सहज जमण्याजोगे आहे. गणेशोत्सवासाठी घरोघर वर्गणी गोळा करणारी आणि शिवजयंतीची मिरवणूक काढणारी आपली मंडळे सुरतेत गल्लोगल्ली आहेत. त्यांतील एकाने महिन्यातून दोन संध्याकाळी आपली खोली रिकामी करून द्यावी. वस्तीतील माजी सैनिकांची यादी करावी. निवृत्त सुभेदार, हवालदार आपल्यांत असतातच, त्यांनी बोलावणे केले तर जवान येतो. सरकारी रुग्णालयातील मानसोपचार विभागास विनंती करून एक समुपदेशक आणावा, त्याच्यावाचून गट चालवू नये. बायकांची बैठक निराळी असावी. दोन-तीन वर्षे हे टिकले, माणसे ओळखीची झाली, तर मग चार-पाच जणांच्या घराचा विचार करावा व अनुभवी संस्थेस पाचारण करावे. भाडे, अनामत, शिधा, गॅस आणि मदतनिसाचा पगार, एवढाच त्याचा मुख्य खर्च. औषधे सरकारी रुग्णालयातून मिळू शकतात.

सतराव्या शतकाच्या अखेरीस सुरतेस आलेल्या जॉन ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याने या शहराचे वर्णन लिहिताना येथील जनावरांच्या इस्पितळाची आवर्जून नोंद केली. कामातून गेलेल्या बैलाला येथील व्यापारी मरेपर्यंत सांभाळतात, याचे त्याला नवल वाटले. पांजरपोळाची ती परंपरा येथे अजून चालू आहे. अशा शहरात आपण पिढ्यान्‌पिढ्या राहिलो, वाढलो. आपल्या सोसायटीतील एखादी खोली रिकामी होईल तेव्हा, किंवा मंडळाच्या पुढल्या सभेत विषयपत्रिका ठरेल तेव्हा, या लेखातील प्रश्न कोणी तरी उभे राहून विचारावा एवढीच आमची विनंती आहे. उत्तर एका सभेत मिळणार नाही. परंतु दुसऱ्या सभेलाही तो प्रश्न पुन्हा निघाला, तर कामाला सुरुवात झाली असे आम्ही समजू.